वाढता धंदा आवरणारा शिंपी : जॉन वुलमन, १७५६

१७५६ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी या ब्रिटिश वसाहतीतल्या माउंट हॉली गावात एका दुकानदाराने स्वतःचा चालता धंदा कमी करायला घेतला. धंद्यात खोट आली नव्हती. उलट विक्री दरवर्षी वाढत होती आणि याहून मोठ्या व्यापाराची वाट समोर मोकळी होती, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याचे नाव जॉन वुलमन. वय पस्तीसच्या आसपास, पेशाने शिंपी आणि दुकानदार, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. जसजशी गाठ पडेल तसतसे त्याने गिऱ्हाइकांना सांगितले की मी माल ठेवणे बंद करतो आहे, तुम्ही दुसरे दुकान बघून ठेवा. काही काळाने त्याने मालाची विक्री पूर्ण थांबवली आणि हाताखाली एकही शिकाऊ उमेदवार न ठेवता, एकट्याच्या शिवणकामावर तो घर चालवू लागला. जोडीला सफरचंदांची रोपवाटिका होती. तिथली खुरपणी, छाटणी, कलमे करणे, डोळे भरणे यांत त्याचा बराच वेळ जाई.

ख्रिस्ती माणसाने पैशाशी कसे वागावे, यावर चर्चच्या मंडळ्यांतून जे बोलले जाते ते बहुतेक देण्याविषयी असते. दान किती, दशांश किती, कोणाला, केव्हा. वुलमनने प्रश्न देण्याच्या एक पायरी आधी नेला. प्रामाणिकपणे मिळणारा पैसासुद्धा किती मिळवायचा, आणि तो मिळवताना कोणाकोणाच्या अंगमेहनतीवर आपण उभे असतो? हा प्रश्न त्याने पुस्तकात वाचला नव्हता. दुकानाच्या फळीमागे उभे राहून तो त्याच्यापर्यंत आला, म्हणून त्या दुकानापासूनच हे प्रकरण पाहिले पाहिजे.

दुकानाआधी

वुलमनचा जन्म १७२० सालचा, रँकोकस नदीकाठच्या एका शेतकरी क्वेकर घरातला. घरात तेरा भावंडे. त्या काळच्या क्वेकरांत पगारी पाळक नसे. उपासनेत सगळे शांत बसत आणि ज्याला देवाने बोलायला लावले असे वाटे तो उठून बोले. साधा पोशाख, शपथ न घेणे, युद्धापासून दूर राहणे ही त्यांची ओळख. सचोटीमुळे त्यांच्या दुकानांवर लोकांचा विश्वास असे आणि त्यामुळेच १८व्या शतकाच्या मध्यापर्यंत फिलाडेल्फियातले अनेक क्वेकर गडगंज व्यापारी झाले होते. साधेपणा शिकवणाऱ्या पंथातच श्रीमंती आली होती, आणि त्या श्रीमंतीबरोबर गुलामही.

एकविसाव्या वर्षी वुलमन माउंट हॉलीतल्या एका दुकानदाराकडे हिशेब लिहायला राहिला. एके दिवशी मालकाने आपल्याकडची एक काळी स्त्री विकली आणि तिचे विक्रीखत लिहायला त्याला सांगितले. घेणारा समोर ताटकळत होता. तो पंथातलाच एक वयस्क माणूस होता. वुलमन वर्षाच्या बोलीवर कामाला होता, हुकूम मालकाचा होता, म्हणून त्याने खत लिहिले. पण लिहितानाच त्याला इतके जड झाले की मालकासमोर आणि त्या गृहस्थासमोर तो म्हणाला, गुलाम ठेवणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मी मानतो. पुढे दुसऱ्या एकाने असेच खत लिहायला सांगितले तेव्हा त्याने नकार दिला.

माझ्या मते या प्रकरणाची खरी सुरुवात इथे आहे. अन्याय दूरवर कुठेतरी मळ्यात होत होता, पण त्याला लागणारा कागद एका पगारी कारकुनाच्या हातून जात होता. आपले रोजचे, निरुपद्रवी वाटणारे काम कशाकशाला जोडलेले आहे, हे त्या तरुणाला त्या दिवशी कळले. त्यानंतर ही जाणीव त्याला सोडून गेली नाही.

नेमके काय अडले

वुलमन शिवणकाम शिकला आणि त्याने स्वतःचे दुकान थाटले. आधी कपड्यांना लागणारा किरकोळ माल, मग कापड आणि तागाचे वस्त्र, मग आणखी पुष्कळ काही. १७४९ मध्ये सारा एलिस हिच्याशी लग्न झाले, एक मुलगी झाली. संसार लहान, गरजा थोड्या. व्यापाराची त्याला मुळातच आवड होती, हेही त्याने लपवलेले नाही. ज्याला धंदा जमत नाही त्याने संन्यस्त भाषा बोलणे सोपे असते. वुलमनला धंदा जमत होता आणि आवडतही होता.

तरी त्याला आतून थांबल्यासारखे झाले. त्याची कारणे त्याने रोजनिशीत सांगितली आहेत. ही रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात छापली गेली. पहिले कारण साधे होते. वाढत्या धंद्याचे ओझे मनावर येते, आणि देव ज्या कामाला बोलावतो त्यासाठी मोकळीक उरत नाही.

दुसरे कारण उधारीचे. त्या भागात विक्री मुख्यतः उधारीवर चाले. गरीब माणूस उधारीवर माल नेई, वसुलीची वेळ आली की हातात काही नसे, आणि सावकार कोर्टात जाई. हे वुलमनने वारंवार पाहिले. म्हणून गरीब गिऱ्हाईक आले की तो त्याला सांगे, जास्त उपयोगाचे आणि कमी किमतीचे तेवढेच घे. विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला महाग मालापासून परतवायचे, असे करत दुकान किती दिवस चालणार? दुकानाचा फायदा आणि गिऱ्हाइकाचे भले यांची दिशा वेगळी आहे हे त्याला फळीमागून रोज दिसत होते.

तिसरे कारण मला सगळ्यात मोलाचे वाटते. दारूचा अतिरेक आणि भारी कपड्यांचा सोस, या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत असे त्याच्या ध्यानात आले. वरवर पाहता यांचा काय संबंध? त्याचे म्हणणे असे: गरजेपलीकडच्या वस्तू हव्या झाल्या की त्यासाठी जास्त राबावे लागते. आपल्या स्वर्गीय पित्याने माणसाला जेवढे कष्ट नेमून दिले त्याच्या पलीकडे ते कष्ट जातात. उन्हातान्हात घाम गाळून शरीर मोडून येते, मग उभारी यावी म्हणून पेय लागते. जे दारुडे नाहीत त्यांनाही. म्हणजे व्यसनाचे मूळ शोधता शोधता तो कपाटातल्या कपड्यांपाशी पोचला.

पाद्र्यांनी दारूवर प्रवचने केली आहेत, उधळपट्टीवरही केली आहेत. त्या दोहोंच्या मधोमध उभे असलेले थकलेले शरीर मात्र फार थोड्यांनी पाहिले. वुलमनने ते पाहिले, कारण तो स्वतः हाताने काम करणारा होता आणि समोरची माणसेही.

शास्त्रात याला आधार कुठे

बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा आहे. तिथे विसावा फक्त घरधन्याला नाही. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, या सगळ्यांची नावे घेतली आहेत, आणि कारण दिले आहे की तुझ्या दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा. निर्गमाच्या १६व्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेले अन्न, गोळा करताना ज्याने पुष्कळ घेतले त्याचे जास्त भरले नाही, ज्याने थोडे घेतले त्याला कमी पडले नाही, आणि उद्यासाठी ठेवले त्यात किडे पडले. लूकच्या १२व्या अध्यायातला धनवान माणूस कोणाला फसवत नाही. त्याच्या जमिनीला भरघोस पीक येते, आणि तो कोठारे मोडून मोठी बांधायचे ठरवतो, एवढाच त्याचा बेत. तरी देव त्याला मूर्ख म्हणतो.

हा दाखला आपण लोभी माणसाचा म्हणून वाचतो. धंदा वाढवणाऱ्या माणसाचा म्हणून तो वाचून पाहावा. चांगला हंगाम आला, जागा अपुरी पडली, विस्तार करू या: यात कोणत्याही सल्लागाराला चूक दिसणार नाही. वुलमन नेमक्या त्याच जागी उभा होता, आणि त्याने कोठार लहानच ठेवले. पौलाने इफिसकरांना लिहिले की हाताने चांगले काम करावे, म्हणजे गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असेल. वुलमनने हातांचे काम सोडले नाही. कामाला तो शाप मानत नव्हता. त्याचा आक्षेप होता तो नको तितक्या कामाला, आणि ते नको तितके काम कोणाच्या पाठीवर पडते याला.

दुकान आवरल्यानंतर

मोकळ्या झालेल्या वेळाचे त्याने काय केले, यावरून या निर्णयाची किंमत करायला हवी. १७५७ मध्ये तो दक्षिणेकडच्या वसाहतींत गेला. सुमारे २ महिने, जवळजवळ ११५० मैल. गुलाम ठेवणाऱ्या क्वेकरांच्या घरी पाहुणचार घ्यावा लागे, आणि तो पाहुणचार फुकट राबणाऱ्यांच्या कष्टांवर होई. त्याने चांदीची लहान नाणी बरोबर घेतली होती. निघताना तो ती कधी घरधन्याकडे देई की ज्यांना देणे योग्य वाटेल त्यांना द्या, कधी स्वतःच काळ्या माणसांच्या हातावर ठेवी. यजमानाला ते अवघड वाटे, त्यालाही अवघड वाटे. तरी तो देत राहिला.

१७५८ मध्ये क्वेकरांच्या फिलाडेल्फियातल्या वार्षिक सभेत गुलामगिरीचा विषय आला तेव्हा तो पुढे ढकलण्याकडे कल होता. वुलमन उठून बोलला. सभेने ठरवले की गुलाम ठेवणाऱ्या सदस्यांना घरी जाऊन भेटायचे, आणि जे यापुढे गुलाम खरेदी-विक्री करतील त्यांना मंडळीच्या कारभारात भाग घेऊ द्यायचा नाही. भेटी देणाऱ्यांत वुलमन होता. १७७६ मध्ये त्याच सभेने सदस्यांना गुलाम ठेवायलाच मनाई केली. हे श्रेय एकट्या वुलमनचे नाही. त्याचा मित्र अँथनी बेनेझे आणि इतर कितीतरी जण यात होते. पण घरोघर जाऊन, शांतपणे, न भांडता माणसे वळवायला जो वेळ लागतो, तो भरल्या दुकानाच्या मालकाजवळ नसता.

मग हा प्रश्न त्याच्या घरातल्या एकेका वस्तूपाशी गेला. मळ्यांतल्या गुलामांच्या कष्टाची साखर त्याने सोडली. रंगवलेल्या कपड्यांबद्दल तो अस्वस्थ झाला: काही रंगांनी कापडच खराब होते, आणि रंगाचा एक उपयोग मळ झाकणे हा आहे. तो खर्च कपडे स्वच्छ ठेवण्याकडे लावला तर? तरी त्याने असलेले कपडे टाकून दिले नाहीत. ते वापरत राहिला, आणि काही महिन्यांनी नवी टोपी घ्यायची झाली तेव्हा फरच्या मूळ रंगाची, न रंगवलेली घेतली. नेमकी त्याच सुमारास पांढरी टोपी ही फॅशनवाल्यांची आवड होती. त्यामुळे फॅशन सोडणारा हा माणूस काहींना फॅशनमागे धावणारा वाटला, आणि त्याला ते फार लागले. साधेपणालाही लोक पोशाखच समजतात. वुलमनने खुलासे देत बसण्यापेक्षा सोसणे पत्करले.

१७६०च्या दशकात त्याने गरिबांच्या बाजूने एक दीर्घ निवेदन लिहिले. ते छापले गेले १७९३ मध्ये, तो गेल्यानंतर. त्यात तो श्रीमंतांना सांगतो की आपला साठा, घरातले सामान आणि अंगावरची वस्त्रे यांच्याकडे पाहा, आणि युद्धाची बीजे यांत पोसली जात आहेत का ते तपासा. तिथेच त्याने म्हटले आहे की सगळ्यांनी वस्तूंचा योग्य तेवढाच वापर केला तर माफक कष्टांत सर्वांचे भागेल. जमीनदाराला डामडौल हवा म्हणून खंड जास्त, खंड जास्त म्हणून कुळाला रात्रंदिवस राबणे, कुळाबरोबर बैलघोड्यांनाही. हे तो पायरी पायरीने दाखवतो.

वेस्लीचा मार्ग आणि याचा मार्ग

त्याच काळात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली पैशावर बोलत होता. १७६०च्या त्याच्या प्रवचनातले तीन नियम प्रसिद्ध आहेत: जमेल तेवढे मिळवा, जमेल तेवढे वाचवा, जमेल तेवढे द्या. त्याने ते पाळलेही. उत्पन्न वाढत गेले तरी स्वतःचा खर्च त्याने जवळजवळ तेवढाच ठेवला आणि उरलेले देऊन टाकले. ‘मिळवा’ला त्याने कुंपणही घातले होते: स्वतःच्या शरीराला, मनाला किंवा शेजाऱ्याला इजा होईल असे काही करून मिळवू नका.

दोघे प्रामाणिक होते, आणि दोघांत खरा फरक आहे. वेस्लीच्या मार्गाने गेला असता तर वुलमनने दुकान दुप्पट केले असते आणि नफा गरिबांना वाटला असता. हिशेबाने पाहिले तर कदाचित जास्त गरिबांना मदत झाली असती. पण ज्या गिऱ्हाइकाला उधारीवर महाग कापड विकून नफा झाला, त्यालाच नंतर दान द्यायचे, हे वुलमनला पटले नसते. पैसा हातात येतो तेव्हा आपला उगम बरोबर घेऊन येतो, असे तो मानत होता. गुलामगिरीवरचा त्याचा दुसरा निबंध १७६२ मध्ये निघाला. तो मंडळीच्या निधीतून छापून देण्याची तयारी दाखवली गेली होती. त्याने नाही म्हटले, कारण त्या निधीत गुलाम ठेवणाऱ्यांचीही वर्गणी होती. शिवाय विकत घेतलेले पुस्तक माणूस जास्त लक्ष देऊन वाचतो, असेही त्याचे मत होते.

उतारवयात वेस्लीनेही चिंता व्यक्त केली की मेथडिस्ट लोक कष्टाळू आणि काटकसरी झाल्यामुळे श्रीमंत होत आहेत, आणि श्रीमंती वाढते तशी भक्ती आटते. त्याचा उपाय देण्याचाच राहिला. वुलमनच्या मंडळीने त्या वाटेचा शेवट आधीच पाहिला होता. माझा कल वुलमनकडे आहे, पण ज्याच्यावर दहा जणांचे पोट आहे त्या कारखानदाराला मी त्याचे उदाहरण सरसकट लागू करणार नाही. त्याने दुकान आवरल्याने कोणाची नोकरी गेली नव्हती.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: एकट्याने साखर सोडून काय होते? हा प्रश्न वुलमनलाही पडला होता. १७६९ मध्ये वेस्ट इंडीजला जायचे मनात आले, तेव्हा त्याला आठवले की दुकानदार असताना आपण गुलामांनी पिकवलेला माल, रम, साखर, काकवी, विकलेला आहे. जहाजाचे भाडे स्वस्त आहे तेही त्याच व्यापारामुळे. मग नेहमीच्या भाड्यापेक्षा जास्त द्यावे का, यावर त्याने गंभीरपणे विचार केला. शेवटी तो गेलाच नाही. पूर्णपणे स्वच्छ राहण्याची जागा जगात नाही हे त्याला ठाऊक होते. म्हणून ज्या धाग्यावर देवाने बोट ठेवले असे वाटे, तो धागा तो सोडवी. सगळे जाळे एकट्याने फाडण्याचा आव त्याने आणला नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. त्याचे घर होते, जमीन होती, बाग होती, संसार लहान होता. कमी कमावणे त्याला परवडत होते. ज्याला रोजची भाकर मिळवायलाच दिवस पुरत नाही त्याला संतोष शिकवणे ही क्रूरता नाही का?

आहे. आणि वुलमनने ती केलेली मला आढळत नाही. १७७२ मध्ये तो इंग्लंडला गेला, जहाजाच्या नक्षीदार केबिनऐवजी खलाशांच्या तळातून. घोडागाड्यांच्या कामावरची मुले आणि घोडी फार हाल सोसतात म्हणून इंग्लंडात तो पायीच हिंडला. वाटेत त्याने गावोगावचे भाव विचारून रोजनिशीत टिपले. लंडनकडच्या भागांत मजुराची रोजी १० पेन्स. राय हे धान्य बुशेलला (धान्याचे एक माप) ५ शिलिंग, गहू ८ शिलिंग. गरिबाच्या घराचे भाडे वर्षाला २५ ते ४० शिलिंग, तेही आठवड्याच्या हप्त्याने. शिलिंगाचे १२ पेन्स धरले तर एक बुशेल राय म्हणजे ६ दिवसांची मजुरी, आणि घरभाडे म्हणजे ३० ते ४८ दिवसांची. या यादीच्या मध्येच तो कळवळून लिहितो की श्रीमंतांनी गरिबांचा विचार करावा. मजुरांना तो काहीही सांगत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यॉर्कला देवीच्या रोगाने तो वारला.

त्याचे लिखाण काढून पाहिले तर कमी करा, सोडा, तपासा हे शब्द जमीनदाराला, व्यापाऱ्याला, गुलामांच्या मालकाला आणि स्वतःला उद्देशून आहेत. गरीब माणसाला ‘महागाचे घेऊ नकोस’ असे त्याने सांगितले ते दुकानाच्या फळीमागून, जिथे ते सांगितल्याने तोटा फक्त सांगणाऱ्याचा होत होता.